केसांचा हट्ट आणि विज्ञानाचा तास

विद्यार्थिमित्रांनो, या लेखात मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. चूक जुनी आहे, पण ती अजूनही अनेक वर्गांत होत असते. म्हणून ती तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढेही मांडावी असे वाटले.

मी बोरिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवीत असे. माझ्या वर्गात काही मुले गोराई गावाहून येत. बोरिवलीच्या पश्चिमेला खाडी आहे आणि खाडीच्या पलीकडे गोराई. गावाच्या एका अंगाला खाडीचे पाणी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र. रस्त्याने जायचे तर भाईंदरवरून भला मोठा वळसा पडतो, म्हणून गावातली मुले होडीने खाडी ओलांडून येतात.

एका वर्षी शिक्षकदिनाला, म्हणजे ५ सप्टेंबरला, मुलांनी शिक्षक व्हायचे ठरले. गोराईची एक मुलगी आठवीच्या वर्गावर ‘बाई’ होणार होती. दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला ती उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, परवा रात्री मी केस ओले करून चिंध्यांवर गुंडाळून झोपले. सकाळी छान कुरळे झाले होते. होडीतून उतरून शाळेत येईपर्यंत सगळे सरळ! पण जानेवारीत मावशीच्या लग्नाला असेच केले होते, तेव्हा दिवसभर टिकले. केस तेच, चिंध्या त्याच, रात्रभरच बांधलेले. मग आताच का सुटले?”

मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणाले, “नट्टापट्टा घरी. इथे विज्ञानाचा तास चालू आहे.” वर्ग हसला. मीही हसले. ती खाली बसली, आणि त्या वर्षात तिने मला पुन्हा प्रश्न विचारला नाही.

आता तिचा प्रश्न पुन्हा वाचून पाहा. केस तेच, कपडा तोच, वेळ तेवढाच. तीन गोष्टी तिने सारख्या धरल्या होत्या आणि निकाल मात्र वेगळा आला होता. तेव्हा चौथी कोणती गोष्ट बदलली, असे ती विचारीत होती. प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात, हे शिकविण्यासाठी आम्ही शिक्षक वर्षभर घसा कोरडा करतो. त्या मुलीला ते आरशासमोर आपोआप सुचले होते. माझे मत असे आहे की, तो प्रश्न विज्ञानाच्या तासाचाच होता. इतकेच नव्हे, तर त्या आठवड्यात माझ्या वर्गात विचारला गेलेला तो सर्वांत चांगला प्रश्न होता. हे मत का झाले, ते पटवून द्यायचे तर आधी त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

केसाच्या आत काय आहे?

आपला केस दिसतो एखाद्या साध्या तारेसारखा. त्याची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतकी असते. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर बाहेरून कौलांसारखे एकावर एक बसलेले पातळ खवले दिसतात आणि त्यांच्या आत लांबट पेशींचा गाभा असतो. हा गाभा मुख्यतः केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. नखे, शिंगे, खूर, पिसे यांतही केरॅटिनच असते.

केरॅटिनच्या लांबच लांब साखळ्या केसात शेजारी शेजारी पडलेल्या असतात. त्या नुसत्या पडून राहिल्या असत्या तर केसाला आकार राहिला नसता. त्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे निरनिराळे बंध असतात. आपल्या प्रश्नासाठी त्यांतले दोन महत्त्वाचे.

पहिला बंध गंधकाचा. केसाच्या वजनात सुमारे ५ टक्के गंधक असते. केस जळाल्यावर जो उग्र वास येतो, त्यात या गंधकाचा वाटा असतो. एका साखळीतला गंधकाचा अणू दुसऱ्या साखळीतल्या गंधकाच्या अणूला पक्का धरून ठेवतो. हा बंध बळकट असतो. साध्या पाण्याने किंवा फणीने तो तुटत नाही. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने चिकट रबर गंधकाबरोबर तापवून ते टणक आणि लवचीक केले, तेही अशाच गंधकाच्या पुलांमुळे. रबर ताणून सोडले की ते मूळ आकाराला येते. केसाचेही तसेच आहे.

हे गंधकाचे पूल बांधले जातात ते डोक्याच्या कातडीखाली, केस ज्या छोट्या पिशवीतून उगवतो त्या केशकूपात. तिथे केस आधी मऊ असतो आणि वर सरकता सरकता कडक होतो. केशकूप सरळ असेल तर केस सरळ येतो, वाकडा असेल तर कुरळा. म्हणजे केसाला त्याचा आकार जन्मतःच पक्का करून मिळालेला असतो. सरळ केस कुरळा केला तरी हे पूल त्याला पुन्हा सरळ करू पाहतात. आपण त्याला केसांचा हट्ट म्हणतो, इतकेच.

दुसरा बंध हायड्रोजनचा. तो गंधकाच्या बंधाच्या मानाने फारच दुबळा, पण संख्येने अगणित. शेजारच्या साखळ्यांमधले हायड्रोजन आणि ऑक्सिजन किंवा नायट्रोजन यांचे अणू एकमेकांना हलकेच ओढून धरतात. या बंधांची गंमत अशी की पाणी त्यांच्यात घुसते. पाण्याचे रेणू स्वतःच हायड्रोजनचे बंध करण्यात पटाईत असल्याने ते साखळ्यांच्या मध्ये शिरून बसतात, साखळ्यांचा परस्परांशी असलेला हात सुटतो आणि केस मऊ पडतो. पाणी उडून गेले की साखळ्या जिथे असतील तिथे पुन्हा एकमेकींचे हात धरतात.

आता चिंध्यांचा प्रयोग समजतो. केस ओला केला तेव्हा हायड्रोजनचे बंध सुटले. चिंधीवर गुंडाळला तेव्हा साखळ्या नव्या जागी सरकल्या. रात्रभर वाळला तेव्हा नव्या जागी नवे बंध झाले. सकाळी केस कुरळा! ओल्या केसांच्या वेण्या घालून झोपले की सकाळी केसांना लाटा पडतात, त्याचेही कारण हेच.

कपड्यांना इस्त्री करताना पाणी शिंपडतात ते याच तत्त्वावर. सुती धाग्यातही हायड्रोजनचे बंध असतात. पाण्याने ते सैल होतात, इस्त्रीच्या उष्णतेने पाणी उडते आणि घडी बसते. घामाने भिजली की तीच घडी मोडते.

होडीत काय घडले?

गंधकाचे पूल केसाला सरळ ओढताहेत, हायड्रोजनचे नवे बंध त्याला कुरळा धरून ठेवताहेत, अशी ही रस्सीखेच आहे. पाणी आले की दुसरा पक्ष दुबळा होतो. पण हे पाणी नळाचेच हवे असे नाही. हवेतले बाष्पही पुरते.

केस हवेतून सतत बाष्प घेत असतो आणि सोडत असतो. आपण ज्याला कोरडा केस म्हणतो तोही अगदी कोरडा नसतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर केसात त्याच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के पाणी असते. आर्द्रता १०० टक्क्यांजवळ गेली तर हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास जाते. डब्याचे झाकण उघडे राहिले की पावसाळ्यात भाजलेला पापड जसा सादळतो, तसाच केसही सादळतो.

मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. सप्टेंबरच्या सुरुवातीलाही ती फारशी उतरलेली नसते. जानेवारीतल्या दुपारी मात्र ती ५० टक्क्यांच्या आसपास येते. मावशीचे लग्न आणि शिक्षकदिन यांत बदललेली चौथी गोष्ट ती हीच. गोराईला हे कुणाला नव्याने सांगायला नको. तिथल्या कोळणी बोंबील वाळत घालतात ते पावसाळा सरल्यावर. हवेत बाष्प भरलेले असले की बोंबील नीट वाळत नाहीत, हे त्यांना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक असते.

यात आणखी एक बारकावा आहे. दोष एकट्या होडीचा नव्हता. त्या रात्री खोलीतली हवाच दमट होती, त्यामुळे चिंध्यांवरचे केस पूर्ण वाळलेच नाहीत. हवेत जेवढी ओल, तिच्याशी तोल साधून केसात जेवढे पाणी राहायचे, तेवढे ते राहणारच. रात्रभर पंखा फिरवला तरी तो केसांना खोलीतल्या हवेपेक्षा जास्त कोरडे करू शकत नाही. म्हणजे नवे बंध मुळातच कमी झाले होते. वर सकाळी खाडीवरचा ओला वारा लागला. सुटायला अर्धा तास पुष्कळ झाला.

केसाने हवा मोजणारे शास्त्रज्ञ

हे सारे मला त्या दिवशी का सुचले नाही? पुढे एकदा मुलांना घेऊन मी हवामानखात्याची वेधशाळा पाहायला गेले होते. तिथे काचेच्या पेटीत एक उपकरण होते. एक गोल नळकांडे सावकाश फिरत होते आणि त्यावरच्या कागदावर लेखणी वरखाली होत आर्द्रतेचा आलेख काढीत होती. लेखणीला हालवीत होता पेटीतला ताणून बसविलेला माणसाच्या केसांचा एक झुबका! ओल वाढली की केस लांबतो, घटली की आखडतो. अगदी कोरड्या हवेपासून अगदी ओल्या हवेपर्यंत केसाची लांबी सुमारे २ ते २.५ टक्के वाढते. तरफेच्या साहाय्याने ही एवढीशी वाढ मोठी करून दाखविता येते.

ही युक्ती जिनीव्हाच्या होरास द सोस्यूर या शास्त्रज्ञाची. त्याने केसावर चालणारा आर्द्रतामापक तयार केला आणि १७८३ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. केसाला लागलेले तेल काढून टाकण्यासाठी तो केस सोड्याच्या पाण्यात उकळून घेई. पुढे आल्प्सच्या शिखरांवर चढताना त्याने अशी उपकरणे बरोबर नेली.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. १९३० च्या दशकात इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात विल्यम ॲस्टबरी यांनी लोकर आणि केस यांवर क्ष-किरण सोडून छायाचित्रे घेतली. वाफेत धरलेला केस ताणून जवळजवळ दुप्पट लांब करता येतो आणि तेव्हा क्ष-किरणांचे चित्र बदलते, असे त्यांना दिसले. याचा अर्थ केसातल्या साखळ्या मुळात घडी पडलेल्या असतात आणि ताणल्यावर त्या उलगडतात. ही घडी नेमकी कशी, हे कोडे लायनस पॉलिंग यांनी सोडविले. १९४८ मध्ये ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणात पडलेले असताना त्यांनी कागदावर प्रथिनाची साखळी काढली आणि कागद दुमडून दुमडून पाहिला. त्यातून निघालेला सर्पिल आकार त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याला ‘आल्फा सर्पिल’ म्हणतात. तो आकार टिकवून धरतात तेही हायड्रोजनचेच बंध. (येथे एक गल्लत टाळा. हा सर्पिल रेणूच्या पातळीवरचा असतो. तो सरळ केसातही असतो आणि कुरळ्या केसातही. आरशात दिसणारा कुरळेपणा वेगळा.)

केस वाकविण्याच्या खटपटीतून यंत्रेही निघाली. शिकागोच्या मार्जरी जॉयनर या कृष्णवर्णीय केशरचनाकार बाईंनी एकाच वेळी अनेक बटांना आकार देणारे विजेचे यंत्र तयार केले. त्याचे पेटंट त्यांना १९२८ मध्ये मिळाले. मांस भाजताना आतपर्यंत उष्णता पोचावी म्हणून त्यात खुपसलेल्या सळया पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात.

तेव्हा पाहा, सोस्यूरला केस हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. ॲस्टबरींना वाटला नाही, पॉलिंगना वाटला नाही. गोराईच्या मुलीने तोच केस वर्गात आणला तेव्हा मात्र आम्ही हसलो.

मग सरळ केस कुरळे ठेवायचे तरी कसे?

उत्तर कळले की उपाय आपोआप सुचतात. त्यांतले काही येथे देते. प्रत्येकाबरोबर कारणही देते, कारण कारण कळल्याखेरीज उपाय पाठ करण्यात अर्थ नाही.

एक : केस पूर्ण वाळेपर्यंत सोडू नका. जाड बट बाहेरून वाळते, आत ओली राहते. म्हणून पातळ पातळ बटा घ्या.

दोन : हवे त्यापेक्षा जास्त घट्ट गुंडाळा. पीळ थोडा सुटणार हे धरूनच चाला. बोटाएवढा पीळ उरावा असे वाटत असेल, तर पेन्सिलीएवढ्या गुंडाळीने सुरुवात करा.

तीन : पावसाळ्यात नुसत्या रात्रीवर विसंबू नका, शेवटी थोडी ऊब द्या. याचे गणित सोपे आहे. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते, ४५ अंशाला सुमारे ६५ ग्रॅम. आर्द्रता ९० टक्के असेल, तर २५ अंशाच्या हवेत सुमारे २१ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा ४५ अंशापर्यंत तापविली की बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता २१ भागिले ६५, म्हणजे सुमारे ३२ टक्क्यांवर येते. पंख्याने जे होत नाही ते ड्रायरच्या कोमट हवेने होते, ते यामुळे. मात्र केस थंड झाल्यावरच गुंडाळी सोडा. गरम असताना बंध अजून पुरते बसलेले नसतात.

चार : कुरळे करायच्या आदल्या दिवशी तेल चोपडू नका. तेलकट केसात पाणी नीट शिरत नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि केस धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हेही वाचताना ध्यानात ठेवावे. तेलाचा हा गुण एरवी उपयोगी आहे, पण पीळ बसविण्याच्या दिवशी तो आड येतो.

पाच : केसांना खळ. सुती साडीला खळ घातली की ती जशी ताठ राहते, तसे भाताच्या पेजेचे पातळ पाणी किंवा उकळलेल्या जवसाचे बुळबुळीत पाणी लावले तर केसावर पातळ पापुद्रा बसतो. पण हे पदार्थही पाणी शोषतात, तेव्हा दमट दिवशी त्यांच्याकडून फार आशा धरू नये. साखरेचे पाणी तर लावूच नका. पावसाळ्यात ते चिकट होते आणि मुंग्यांना आमंत्रण मिळते! बाजारातल्या फवाऱ्यांनाही हीच अडचण आली होती. १९५० च्या दशकात त्यांत पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हे बहुवारिक वापरले जाई. ते ओल शोषून चिकट होई. मग व्हिनाइल ॲसिटेट मिसळून कमी ओल घेणारी बहुवारिके करण्यात आली. म्हणून ‘चोवीस तास टिकणार’ असे डबीवर वाचलेत तर स्वतःला विचारा, किती टक्के आर्द्रतेत?

आणि एक इशारा. केस ओले असताना तापलेला चिमटा कधीही लावू नका. आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि केसात बुडबुडे तयार होऊन तो तुटतो. केस कायमचे कुरळे करणारी रसायने गंधकाचे पूल आधी तोडतात आणि नव्या जागी पुन्हा जोडतात. ती कातडी आणि डोळे यांना इजा करू शकतात. तुम्ही ती घरी हाताळू नयेत. शिवाय नवा उगवणारा केस सरळच येतो, कारण केशकूप बदललेला नसतो.

एवढे करूनही काही जणींचे केस इतरांपेक्षा लवकर सुटतील. त्यात कुणाचा दोष नाही. गोल तार वाकवायला लागणारा जोर तिच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. शेजारणीपेक्षा तुमचा केस दुप्पट जाड असेल तर त्याला वाकवायला १६ पट जोर लागतो. लांब केसांचे स्वतःचे वजनही पिळाला खाली ओढीत असते.

गुंतवळाचा प्रयोग

माझ्यावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करून पाहा. फणीला आलेले गुंतवळ फेकू नका. त्यातले लांब सरळ केस निवडून साबणाने धुऊन घ्या. दहा-दहा केसांचे सहा झुबके करा आणि प्रत्येकाचे एक टोक दोऱ्याने बांधा. सर्वांची लांबी मोजा. सगळे ओले करून सारख्या जाडीच्या पेन्सिलींवर गुंडाळा आणि पूर्ण वाळू द्या.

आता झाकणाच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या घ्या. एकीच्या तळाशी थोडे पाणी ठेवा. दुसरीच्या तळाशी नव्या बुटांच्या किंवा पिशव्यांच्या खोक्यांत मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. तीन झुबके एका बरणीत, तीन दुसरीत, पाण्याला न टेकतील असे टांगा. दर दहा मिनिटांनी काचेबाहेरून पट्टी धरून लांबी मोजा.

पीळ किती उरला हे टक्क्यांत काढता येते. सरळ लांबीतून आताची लांबी वजा करा. सरळ लांबीतून सुरुवातीची कुरळी लांबी वजा करा. पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागून १०० ने गुणा. समजा, सरळ झुबका २० सेंटिमीटर होता, गुंडाळी सोडल्यावर ८ झाला आणि तासाने १४ झाला. तर २० वजा १४ म्हणजे ६, २० वजा ८ म्हणजे १२. पीळ ५० टक्के उरला.

वेळ आडव्या अक्षावर आणि उरलेला पीळ उभ्या अक्षावर घेऊन दोन्ही बरण्यांचे आलेख एकाच कागदावर काढा. एका बरणीत तीन झुबके का ठेवायचे, एकच का नाही, याचाही विचार करा. पुढच्या खेपेला जवसाचे पाणी लावलेले आणि न लावलेले झुबके एकाच बरणीत टांगून पाहा. केसांना हे पाणी खरोखर उपयोगी पडते की नाही, ते जाहिरातीला न विचारता तुम्हाला कळेल.

शिक्षकांना दोन शब्द

काही शिक्षक म्हणतील, “अशा प्रश्नांना थारा दिला तर वर्गात फॅशनच्या गप्पा सुरू होतील. अभ्यासक्रम कधी संपवायचा?” ही अडचण खरी आहे. मीही तिच्याच आड लपले होते. पण वर मांडलेल्या गोष्टी मोजून पाहा. अणूंमधील बंध, प्रथिने, बाष्पीभवन, सापेक्ष आर्द्रता, प्रयोगातील स्थिर आणि बदलत्या राशी, टक्केवारी, आलेख. यातले बहुतेक आपण नाहीतरी शिकवतोच. फरक इतकाच की एरवी आपल्याला मुलांना कुतूहल लावावे लागते, येथे ते आयतेच चालून आले होते.

दुसरा आक्षेप असा की, यामुळे मुली प्रसाधनांच्या नादी लागतील. मला उलटे वाटते. ज्या प्रश्नाला वर्गात उत्तर मिळत नाही, त्याला उत्तर द्यायला जाहिरात तयारच असते, आणि ती मुलीला सांगते की तुझे केस वाईट आहेत. विज्ञान असे काही सांगत नाही. सरळ केशकूपातून सरळ केस येतो, एवढेच ते सांगते. ज्या मुलीला हे ठाऊक आहे, ती पावसाळ्यात डबीवर पैसे घालवायच्या आधी आर्द्रता विचारील.

तिसरी गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो. त्याच वर्गात एका मुलाने विचारले होते की, पावसाळ्यात क्रिकेटचा चेंडू जड का होतो. त्याला मी हसले नव्हते. चांगला तासभर समजावून सांगितले होते. चामडे ओल शोषते, केसही ओल शोषतो. दोन्ही प्रश्न एकाच जातीचे होते. एकाला मी विज्ञान म्हटले आणि दुसऱ्याला नट्टापट्टा. आपण कोणाच्या आयुष्यातले प्रश्न वर्गात घेतो आणि कोणाचे दाराबाहेर ठेवतो, हे एकदा प्रत्येक शिक्षकाने तपासून पाहावे. स्वयंपाकघर, शिवणकाम, वेणीफणी, मासळी वाळवणे यांतले प्रश्न घेऊन येणारी मुलगी एकदा हसली गेली की पुढच्या वेळी हात वर करीत नाही. मग आपणच म्हणतो, मुली विज्ञानात प्रश्न विचारीत नाहीत.

म्हणून शिक्षकबंधू आणि भगिनींना माझी एवढीच विनंती आहे : असा प्रश्न आला तर तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. उत्तर तेव्हा ठाऊक नसले तरी चालेल. “ठाऊक नाही, आठवडाभरात आपण मिळून शोधू,” असे म्हणणे मला तेव्हा जमायला हवे होते.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडून एक काम हवे आहे. गोराई, मनोरी, वसई, अलिबाग अशा किनाऱ्यावरच्या गावी राहणाऱ्यांनी हा बरण्यांचा प्रयोग एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारीत करावा, बरण्यांबरोबर एक झुबका नुसता खिडकीत टांगून. सोलापूर, जळगाव, नागपूरकडच्या मित्रांनी त्याच महिन्यांत तेच करावे. मग दोघांनी आपापले आकडे एकमेकांना पत्राने कळवावेत. खिडकीतला झुबका कुठे किती तास टिकला, हे त्या मुलीच्या प्रश्नाचे आपण सर्वांनी मिळून दिलेले उत्तर होईल.